माझा बाप पीत नव्हता

"उभे राहा, भाऊ," मॅडम माइकवर म्हणाल्या, आणि माझा बाप उभा राहिला.

जळगावातला भाड्याचा हॉल होता. नाताळच्या आधीचा कार्यक्रम. खुर्च्यांवर पांढरी कापडं, मंचावर थर्माकोलचा तारा, पुढच्या रांगेत मुंबईहून आलेले पाहुणे. आम्ही मॅडमच्या होस्टेलच्या पोरी एका कडेला, निळ्या फ्रॉकमध्ये. आबा, म्हणजे माझा बाप, सगळ्यात मागे भिंतीपाशी. त्याच्या शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग होते. ते डाग निघत नाहीत. घासा, उकळा, काय वाटेल ते करा. म्हणून तो कुठंही गेला तरी आपणहूनच मागे बसायचा.

मॅडम म्हणाल्या, "हा माणूस बघा. याची बायको रक्ताच्या थारोळ्यात पडली होती आणि हा दारू पिऊन बांधावर लोळत होता. लेकरू उपाशी होतं. आज बघा त्याच्याकडे. प्रभूनं त्याला उभं केलंय!"

टाळ्या. हालेलूया. पाहुण्यांमधली एक बाई उठली आणि मोबाईल धरून थेट आबाच्या तोंडाशी गेली. बाजारात बैलाचे दात बघतात तेवढ्या जवळून तिनं त्याचा व्हिडिओ काढला. आबानं हात जोडले. मान खाली.

शेजारची पोरगी माझ्या कानात म्हणाली, "तुझ्याची सुटली का? माझा अजून पितो."

मी सातवीत होते. माझा बाप दारू पीतच नव्हता. सुटायला आधी धरलेली तर पाहिजे!

थेंब नाही. वाससुद्धा सहन व्हायचा नाही त्याला. आमच्याकडच्या लग्नात मोहाची निघाली की हा उठून बैलांपाशी जाऊन बसायचा. लोक थट्टा करायचे, "सुकलाल, तू भिल्ल शे का भट शे?" तो नुसता हसायचा. त्याच्याजवळ जमीन नव्हती, घर नव्हतं, अंगावर धड कपडा नव्हता. पण सुकलाल पीत नाही, एवढी एक गोष्ट अख्ख्या भावकीत त्याच्या नावावर होती. मॅडमनी नेमकी तीच काढून घेतली.

आम्ही भिल्ल. मूळचे धुळ्याकडचे, साक्रीच्या बाजूचे. तिकडं पोट भरेना म्हणून आबा फैजपूरजवळ नानांच्या केळीच्या बागेत सालदार राहिला. सालदार म्हणजे वर्षाचा बांधलेला गडी. पाणी सोडायचं, केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापायची, घड वाहायचे, आणि वर नाना म्हणतील ते. मोटारीच्या खोलीमागं पत्र्याची एक खोली होती, तिथं आम्ही राहायचो. मोटारीची किल्ली आबाच्या करगोट्याला असायची. नाना चार माणसांत सांगायचे, "किल्ली मी पोराला देणार नाही, पण सुकलालला देतो. शुद्धीत असतो गडी."

आणि पिणारे कोण? नाना. रविवारी दुपारी बागेत खाट टाकून मित्रांना घेऊन बसायचे. सोडा आबा आणायचा, बर्फ आबा फोडायचा, ग्लास आबा विसळायचा. नाकाला उपरणं लावून विसळायचा आणि ते लोक त्याला हसायचे.

आता मायचं सांगते. कारण सगळं तिथंच वळलं.

माय पोटुशी होती. घड वाहत होती. वाफ्यात पाय घसरला आणि ती घडासकट पडली. मी तिथंच होते. तिचं लुगडं बघता बघता लाल झालं. आबा धावत नानांच्या बंगल्यावर गेला, मी त्याच्या मागं. पांढरी गाडी दारात उभी. नुकती धुतलेली. कुणाच्या तरी साखरपुड्याला निघाले होते घरचे.

नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सीटा नव्या आहेत रे, सुकलाल. डाग निघणार नाही. रिक्षा बघ एखादी."

रागानं नाही म्हणाले. ओरडले नाहीत. रोजचं काम सांगावं तसं सांगितलं आणि घड्याळ बघितलं. ओरडले असते तर मी कदाचित विसरले असते.

आबानं मायला उचललं. घड वाहताना खांद्यावर टाकायची गादी होती, ती टाकली, तिच्यावर मायला घेतलं आणि पळत सुटला. बागेतून, चिखलातून, थेट डांबरी रस्त्यापर्यंत. रिक्षा थांबेनात. रक्त बघून पुढे जात होत्या. एक मोटरसायकल थांबली. तिच्यावर चर्चचे पास्टर होते. आम्ही त्यांना ओळखत नव्हतो, ते आम्हाला ओळखत नव्हते. त्यांनी मायला मध्ये बसवलं, आबाला मागं. त्यांचा पांढरा शर्ट पाठीवर सगळा लाल झाला. त्यांनी वळून बघितलंही नाही.

भाऊ होणार होता मला, तो गेला. माय वाचली.

हे मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. कुणी म्हणतं, तुम्हाला तांदूळ देऊन बाटवलं, आमिष दाखवलं, तर माझं डोकं फिरतं. अरे, काय दाखवलं? मोटरसायकल थांबवली, एवढंच दाखवलं! जे तुम्ही नाही केलं, ते त्यांनी केलं. नंतर पास्टर आमच्या पत्र्याच्या खोलीत यायला लागले. प्रार्थना करायचे, चहा प्यायचे. आमच्याच कपातून. मायला त्यांनी एक गोष्ट सांगितली, येशूच्या कपड्याच्या टोकाला हात लावून बरी झालेली, सारखं रक्त जाणारी बाई. मायनं ती गोष्ट धरून ठेवली. मला वाटतं माय त्या बाईमुळेच येशूकडं गेली.

मग मॅडम आल्या. पास्टरांच्या बायको. होस्टेल त्या चालवायच्या, कार्यक्रम त्या करायच्या. त्यांना आबाची साक्ष हवी होती. साक्ष म्हणजे काय, तर सगळ्यांसमोर सांगायचं: आधी मी कसा होतो, मग प्रभू भेटला, आता कसा आहे. तिन्ही भाग लागतात. आमच्या खोलीत खुर्ची नव्हती म्हणून मॅडम पाण्याच्या उलट्या घातलेल्या हंड्यावर बसल्या होत्या.

"भाऊ, आधी पीत होतात ना?"

"नाही जी."

"प्रभूसमोर लाज कसली? सांगा."

"मी पेत नही, मॅडम."

"मग मारायचात हिला? सट्टा? पत्ते?"

मायला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून हसत बसली. मॅडमचं तोंड उतरलं. खरंच उतरलं, मी समोर बसून बघत होते. बिनदारूचा, बिनपत्त्यांचा, बायकोला न मारणारा भिल्ल त्यांच्या काही कामाचा नव्हता.

"मग आधी काय होतं तुमचं?"

आबानं विचार केला. मनापासून केला. म्हणाला, "आधी मी याच बागमां व्हतू. आते बी याच बागमां शे."

त्यावर माय म्हणाली, "गाडीचं सांगा ना. नानांनी गाडी नाही दिली, ते सांगा. खरं आहे ते."

"ते नको," मॅडम लगेच म्हणाल्या. "नानांशी वाकडं घेऊन चालायचं नाही. त्यांच्याच बागेत प्रार्थना चालते आपली."

असं झालं ते. माय रक्तात पडली तेव्हा कुणीतरी गुन्हेगार असायला हवा होता. जो खरा होता त्याला हात लावायचा नव्हता. मग उरला कोण? जो तिला खांद्यावर घेऊन पळाला तो. नानांचं पाप उचललं आणि माझ्या बापाच्या डोक्यावर ठेवलं. घड ठेवतात तसं. आणि त्यानंही मान वाकवून घेतलं, कारण मॅडम शेवटी म्हणाल्या, "पोरीला शिकवायचंय ना? देणारे लोक साक्ष ऐकूनच देतात. बोलणार मी आहे. तुम्ही नुसतं उभं राहायचं."

त्या गेल्यावर माय आबाला खूप बोलली. आबा म्हणाला, "उभं ऱ्हावानं शे ना फक्त? उभा ऱ्हास मी. तिले शिकू दे."

दर नाताळला तो उभा राहिला. मी त्याच हॉलमध्ये दरवर्षी थोडी उंच झाले. नाक मुठीत धरून बसायचे. निळा फ्रॉक जाऊन निळा पंजाबी ड्रेस आला. आबा तोच, शर्टही तोच. मॅडमची गोष्ट मात्र वाढत गेली. एका वर्षी त्यानं मायचे मणी विकून दारू प्यायली. एका वर्षी मला चुलीच्या लाकडानं मारलं. ज्या माणसानं आयुष्यात मला एक चापट मारली नाही, त्यानं!

एका वर्षीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ फिरत फिरत नानांच्या मोबाईलवर आला. मी सुट्टीत घरी होते. रविवारची दुपार, खाट, मित्र. नानांनी आवाज मोठा करून सगळ्यांना दाखवला.

"काय रे सुकलाल, बांधावर लोळत होतास म्हणे? कोणत्या बांधावर? माझ्याच का?"

हसून हसून एकाला ठसका लागला. नानांच्या हातात ग्लास होता. आबानं विसळलेला. आबा सोड्याच्या बाटल्या उचलत तिथंच वाकलेला होता, तो तसाच वाकून राहिला.

दुसऱ्या दिवशी नानांनी किल्ली मागितली. "दारुड्याच्या हातात मोटार देता येत नाही. मी नाही म्हणत, व्हिडिओत तूच हात जोडलेस."

नानांना माहीत होतं. सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत होतं. पण त्यांना मजा आली. जो गडी इतकी वर्षं त्यांच्यासमोर शुद्धीत उभा राहिला, त्याला पाडायला एक बहाणा मिळाला आणि तो आणून दिला आमच्याच मॅडमनी. गावातली पोरं आबाला 'लोळ्या' म्हणायला लागली. "ए लोळ्या!" सायकलवरून ओरडून जायची. आबा मान वर करायचा नाही.

बारावीच्या वर्षी मॅडमनी मला बोलावलं. नर्सिंगला घालायचं म्हणाल्या. पाहुण्यांशी बोलणं झालंय. फक्त यंदा साक्ष मी द्यायची.

"तुझ्या तोंडून जास्त लागेल लोकांना. रडू आलं तर येऊ दे, आवरू नको."

मी हो म्हणाले. तेव्हाच मनात ठरलं होतं काय बोलायचं.

हॉल भरलेला. मी माइक घेतला. मागं आबा भिंतीपाशी, माय त्याच्या बाजूला. मी म्हणाले, "तो मागं बसलाय तो माझा बाप. त्यानं कधी दारू प्यायली नाही. मायचं रक्त जात होतं तेव्हा तो तिला खांद्यावर घेऊन पळाला. ज्याच्या दारात गाडी उभी होती त्यानं सीटा खराब होतील म्हणून दिली नाही. पास्टरांनी मोटरसायकल थांबवली, त्यांचे उपकार आहेत. पण माझा बाप..."

माइक बंद झाला. मॅडम माझ्याजवळ आल्या, हसत होत्या. दुसरा माइक घेऊन म्हणाल्या, "लेकरू गोंधळलंय. सैतान अशाच वेळी हल्ला करतो. आपण हिच्यासाठी प्रार्थना करू."

मंचावरचे चार-पाच जण भोवती आले. माझ्या डोक्यावर हात ठेवले. ठेवले कसले, दाबले! "खोटेपणाच्या आत्म्या, नीघ हिच्यातून!" एकाचा हात मानेवर, एकाचा कपाळावर. मी ताठ उभी राहायला बघत होते आणि ते मला खाली दाबत होते. माझे गुडघे टेकले. समोरून कुणीतरी व्हिडिओ काढत होतं. पास्टर कडेला उभे होते. त्यांचा हात माझ्या डोक्यावर नव्हता. पण दुसऱ्यांचे हात काढायला ते पुढेही आले नाहीत. डोळे मिटून उभे. भला माणूस भर रस्त्यात रक्ताला घाबरला नाही आणि बायकोसमोर गप्प बसला.

मग मॅडम म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच पुढे या. मुलगी खोटं बोलते ना?"

आबा मागून चालत आला. इतक्या वर्षांत त्याच्या हातात पहिल्यांदाच माइक दिला. मी गुडघ्यांवर होते, तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता बोलेल. देवाशप्पथ, मला वाटलं.

"पीत होतो जी," तो शहरातल्या मराठीत म्हणाला. "खूप पीत होतो. पोर लहान होती, तिला आठवत नाही."

टाळ्या पडल्या. इतक्या जोरात कधीच पडल्या नव्हत्या.

त्यानं माझ्या नर्सिंगसाठी केलं, ते मला कळत होतं. म्हणूनच जास्त जळलं. माझ्या शिक्षणाच्या बदल्यात माझाच बाप घेत होते आणि तो स्वतःला हसतमुखानं देत होता. मी उठले. पेटी आणायला होस्टेलवरही गेले नाही. तशीच बाहेर पडले, बसस्टँडकडे चालत सुटले. आबा मागं पळत आला. "काय करं तू हाई? मी तुनासाठे बोलनू ना!" मी त्याच्याशी बोलले नाही. रस्त्यावर मोठ्यानं रडले. लोक बघत होते, बघू दे म्हटलं.

बातमी बागेत आमच्याआधी पोचली होती. दोन-तीन दिवसांत नाना आमच्या खोलीशी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आले. बरोबर शहरातली दोन माणसं, कपाळाला टिळे, हातात मोबाईल. नाना मला "बेटा" म्हणाले!

"बेटा, तू हॉलमध्ये बोललीस ते धाडसाचं काम. तेच इथं बोल. बाप पीत नव्हता, यांनी खोटं बोलायला लावलं, फसवून धर्म बदलायला लावला. एवढं बोललीस की झालं. किल्ली आजच परत देतो सुकलालला. गावात मी स्वतः सांगेन, गडी चोख आहे."

आबा दारात उभा होता. त्याचे डोळे चमकले. खोटं कशाला सांगू, माझंही मन हललं. अर्धी गोष्ट खरीच होती. बापाचं नाव परत मिळत होतं. तोंड उघडायचा अवकाश.

मी म्हणाले, "बोलते. पण सगळं बोलेन. फसवून कुणी नेलं नाही, तेही बोलेन. तुमच्या गाडीच्या सीटांचंही बोलेन, नाना. आणि बागेत रविवारी कोण पितं, तेही."

मोबाईल धरलेल्या माणसानं नानांकडे बघितलं. हात खाली घेतला.

मग 'बेटा' गेलं. "जीभ बघा हिची. सुकलाल, उद्या खोली रिकामी पाहिजे मला."

एका मंचावर माझा बाप दारुडा हवा होता. दुसऱ्यावर फसवलेला मूर्ख हवा होता. नुसता सुकलाल, न पिणारा, बायकोला खांद्यावर नेणारा, कुणालाच नको होता. त्या दिवशी हे मला लख्ख दिसलं.

आम्ही जळगावला आलो. आबा डाळ मिलमध्ये पोती उचलतो. मी एका दवाखान्यात साफसफाई करते, पट्ट्या बांधायला शिकले, कॉलेजचा अभ्यास बाहेरून करते. माय शेजारच्या खोलीत रविवारी प्रार्थनेला जाते. लहान खोली, दहा-बारा माणसं, मंच नाही, पाहुणे नाहीत. मीही जाते. लोक विचारतात, इतकं झाल्यावर अजून जातेस? जाते. ती रक्त जाणारी बाई आली तेव्हा येशूनं तिला विचारलं नव्हतं की तुझा नवरा पितो का. माझं भांडण त्याच्याशी नाही.

मागच्या रविवारचं सांगते. प्रार्थना झाली. कुणीतरी म्हणालं, कुणाला साक्ष द्यायचीय का? आणि आबा उठला. कुणी बोलावलं नव्हतं. कुणाची फी भरायची नव्हती. आपणहून उठला.

"मी पेत व्हतू," तो म्हणाला. अहिराणीत. आमच्या घरच्या बोलीत. "भलता पेत व्हतू. मनी बायको रगतमां पडेल व्हती नि मी बांधवर लोळत व्हतू."

लोक "आमेन" म्हणाले. एका म्हाताऱ्यानं उठून त्याचा हात हातात घेतला. आबाची छाती फुलली. मी त्याला असं ताठ उभं कधीच बघितलं नव्हतं. आणि मला सगळं समजलं. जन्मभर तो प्यायला नाही, त्याबद्दल कुणी त्याचा हात धरला नाही. न पिणाऱ्या भिल्लाला टाळ्या नसतात. सुधारलेल्याला असतात. माझ्या बापानं ते खोटं आता घरी आणलं होतं, अंगात घातलं होतं, आणि त्याला ते छान बसत होतं. माय जमिनीकडे बघत होती.

मी उभी राहिले.

"आबा, तू खोटं बोली ऱ्हायना."

मी सगळं सांगितलं. गादी, चिखल, रस्ता, गाडी, सीटा, नाना, मॅडम. नाव घेऊन सांगितलं. आबाचा चेहरा पांढराफटक पडला, मग लाल झाला. "बस खाले! लोकं काय म्हनतीन?" तो माझ्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा हात उगारला. मारला नाही, पण उगारला. मी हलले नाही.

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. माय म्हणते, जाऊ दे ना, त्याला त्यात सुख आहे. असेल. मला त्याचं हे सुख मान्य नाही. हे त्याचं सगळं काढून घेऊन मग त्याला वाटून दिलेलं सुख आहे आणि ते वाटून देणारे हात मला माहीत आहेत.

येत्या रविवारी तो पुन्हा उठेल. मीही उठेन. तो पीत होतो म्हणेल, मी नाही म्हणेन. चारचौघांत म्हणेन, कॅमेऱ्यासमोर म्हणेन, त्यानं गळ्याची शपथ घातली तरी म्हणेन. त्यानं मला मुलगी म्हणायचं सोडलं तरी चालेल. उद्या त्याला पुरताना कुणी उभं राहून म्हणालं की हा एक सुधारलेला दारुडा होता, तर मी माती टाकणाऱ्यांचे हात धरीन. ते वाक्य मागं घेतल्याशिवाय माझ्या बापावर एक मूठ माती पडू देणार नाही.